पंधरवड्यात दिवस किती?

‘फोर्टनाइट’ या एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरणारी पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. लांबलेली पत्रे थोडी कापली आहेत, प्रश्न मात्र वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

शाळेत आम्हाला फोर्टनाइट म्हणजे पंधरवडा, म्हणजे पंधरा दिवस, असे शिकवले. नातीच्या शब्दकोशात मात्र ‘दोन आठवडे, चौदा दिवस’ असे छापले आहे. खरे कोणते?
*– एक निवृत्त शिक्षक, महाल*

दोन्ही खरे. फरक मोजण्याच्या रीतीत आहे.

शब्द फोडून पाहा. जुन्या इंग्रजीतल्या ‘फेओवरतीने निह्त’ म्हणजे ‘चौदा रात्री’ या शब्दजोडीची झिजून ‘फोर्टनाइट’ झाली. जर्मन टोळ्या दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवले आहे. इंग्रजी त्याच कुळातली. एके काळी तिच्यात सात रात्रींसाठी ‘सेनाइट’ असाही शब्द होता. तो मेला, फोर्टनाइट तगला.

आता आपल्या ‘आठवडा’ या शब्दाकडे बघा. दिवस सात, नावात आठ! त्याच सात दिवसांना नागपुरात ‘हप्ता’ही म्हणतात, आणि तो फारसीतल्या ‘हफ्त’ म्हणजे सातवरून आलेला. म्हणजे एकाच मुदतीला आपण एका श्वासात सात म्हणतो, दुसऱ्या श्वासात आठ, आणि घोटाळा कोणाचाच होत नाही. बुधवारच्या बाजारातली भाजीवाली ‘आठ दिवसांनी येते’ म्हणाली की ती पुढच्या बुधवारीच दिसते, गुरुवारी नाही. आजचा बुधवार एक आणि पुढचा बुधवार आठ, अशी दोन्ही टोके धरून मोजणी झाली. तशीच पंधराची. आजचा बुधवार पहिला धरला तर तिसरा बुधवार पंधरावा येतो. मधल्या रात्री मात्र चौदाच. दिवाळीत ओसरीवर पंधरा दिवे ओळीने लावले तर दिव्यांमधल्या फटी चौदा भरतात, तसेच हे. मराठीने दिवे मोजले, इंग्रजीने फटी.

ही रीत आपल्यापुरतीच नाही. फ्रेंच माणूस दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ आणि आठवड्याला बिनदिक्कत ‘आठ दिवस’ म्हणतो. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्समध्ये तर आठवड्याच्या नावात ‘आठ रात्री’ आणि फोर्टनाइटच्या नावात ‘पंधरा रात्री’ दडलेल्या आहेत.

मग शिकवण्यात चूक कुठे होते? ‘पंधरवडा’ हा अर्थ बरोबर आहे. त्यापुढे ‘म्हणजे पंधरा दिवस’ ही जोड देताना अंतर आणि मुदत यांची गल्लत होते. ‘पंधरवड्याने भेटू’ यात अंतर आहे. तिथे इंग्रजी आणि मराठी एकाच वारी पोहोचतात. ‘पंधरवडाभर चालेल’ यात मुदत आहे, आणि तिथे एका दिवसाचा फरक पडतो. विम्बल्डनचा फोर्टनाइट सोमवारी सुरू होतो आणि दुसऱ्या रविवारी संपतो, म्हणजे मोजून १४ दिवस. राज्य शासनाचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा १४ ते २८ जानेवारी असतो. बोटांवर मोजा, १५ दिवस होतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या पत्रांत हाच एक दिवस कुठे ना कुठे अडला आहे.

मग पंचांगातला पक्ष म्हणजे फोर्टनाइट का? इंग्रजी वर्तमानपत्रे शुक्ल पक्षाला ‘ब्राइट फोर्टनाइट’ लिहितात. आमच्याकडे काही जण ‘पखवाडा’ म्हणतात, तोही हाच ना?
*– इतवारी*

‘पखवाडा’ हिंदीतून आला आणि त्यातला ‘पख’ म्हणजे पक्षच. केंद्रीय कार्यालयांत सप्टेंबरमध्ये ‘हिंदी पखवाडा’ असतो, त्यामुळे नागपुरी कानांना तो सवयीचा आहे. मराठी मजकुरात पंधरवडा लिहावे. ‘पंधरवाडा’ नको, त्यातला ‘वा’ हा बहुधा पखवाड्याच्या नादाने शिरतो.

पक्ष मात्र दिवसांचा बनत नाही, तिथींचा बनतो. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. अशा १५ तिथी म्हणजे १८० अंश, म्हणजे एक पक्ष. चंद्राची चाल सारखी नसल्याने तिथी सुमारे २० ते २७ तासांची होते. कधी एखादी दोन सूर्योदयांच्या मधल्या वेळातच सुरू होऊन संपते, ती क्षयतिथी. कधी एकच तिथी दोन सूर्योदय पाहते, ती वृद्धितिथी. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणून पक्ष सरासरी १४.७७ दिवसांचा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा १४ किंवा १५, कधी १६ आणि फार क्वचित १३ दिवसांचा येतो.

‘ब्राइट फोर्टनाइट’ हे सोयीचे भाषांतर आहे आणि ते रूढ झाले आहे. त्यावर चौदा दिवसांचा हिशोब बसवू नये, एवढेच. पितृपंधरवड्यात तर श्राद्धे सोळा मोजतात, पौर्णिमेचे धरून.

मी बँकेत आहे. आमच्याकडे ‘रिपोर्टिंग फोर्टनाइट’ शुक्रवारी संपायचा. कायदा बदलून तो आता महिन्याच्या तारखांवर आला. मग फोर्टनाइट चौदा दिवसांचा राहिला कुठे?
*– सदर*

राहिला नाही! या शब्दाच्या इतिहासातली ही सर्वांत गमतीची घटना तुमच्याच टेबलावर घडली आहे.

बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे जी रोख राखीव रक्कम ठेवायची, तिच्या हिशोबासाठी कायद्यातली जुनी व्याख्या होती: शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, दोन्ही दिवस धरून. म्हणजे चोख १४ दिवस. २०२५ च्या बँकिंग कायदे सुधारणा अधिनियमाने ती बदलली. आता महिन्याची १ ते १५ तारीख हा एक फोर्टनाइट आणि १६ पासून महिनाअखेरपर्यंत दुसरा.

हिशोब मांडून पाहा. पहिला कायम १५ दिवसांचा. दुसरा ३० च्या महिन्यात १५, ३१ च्या महिन्यात १६ आणि फेब्रुवारीत १३. शब्दात ज्या चौदा रात्री आहेत, तेवढे दिवस भरतात ते फक्त लीप वर्षाच्या फेब्रुवारीत, १६ ते २९. एरवी कधीच नाही. आणि १३ ते १६ हा पल्ला ओळखीचा वाटतो ना? वर इतवारीच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातला पक्ष तंतोतंत एवढाच हलतो. थोडक्यात, संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेपुरता तरी इंग्रजी फोर्टनाइट आता मराठी पंधरवडा झाला आहे.

कामाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षात ठेवा. पूर्वी वर्षात साधारण २६ फोर्टनाइट यायचे, आता नेमके २४ येतात. आणि सरासरी काढताना आता ठरावीक १४ ने भागून चालणार नाही. त्या त्या मुदतीतले खरे दिवस घ्यावे लागतात. जुन्या एक्सेल तक्त्यात सूत्रात १४ हा आकडा हाताने टाकलेला असेल, तर तो आधी शोधा.

संत्र्याच्या बागेसाठी फवारणीचा कागद मिळाला. त्यात ‘थ्री स्प्रेज ॲट फोर्टनाइटली इंटर्व्हल’ लिहिलं आहे. एक जण म्हणतो दीड महिना चालते, दुसरा म्हणतो महिन्यात संपते. आणि अंतर चौदा ठेवायचं की पंधरा?
*– काटोल*

महिन्याच्या आत संपते. फवारण्या तीन असल्या तरी त्यांच्या मधली अंतरे दोनच, आणि दोन गुणिले १४ म्हणजे २८. पहिली फवारणी १ जुलैला केली तर दुसरी १५ ला आणि तिसरी २९ ला. ‘दीड महिना’ म्हणणाऱ्याने तीन फवारण्यांना तीन अंतरे धरली. ही चूक फार जणांची होते आणि तिच्यापायी औषधही जास्त आणून ठेवले जाते.

चौदा की पंधरा, या वादात तुमच्या बागेचे काही बिघडत नाही. सल्ल्याच्या कागदावर मराठीत ‘१५ दिवसांच्या अंतराने’ आणि इंग्रजीत ‘फोर्टनाइटली’ असे एकाच अर्थाने छापतात. तरी चौदा धरलेले बरे, कारण वार बदलत नाही. पहिली फवारणी मंगळवारी झाली की पुढच्या दोन्ही मंगळवारीच येतात. मजूर, पंप आणि पाण्याचे टँकर सांगायला सोपे जाते. पंधरा धरले तर दर वेळी वार एकाने पुढे सरकतो आणि कधीतरी नेमका बाजाराच्या दिवशी येऊन पडतो.

जपायचे दुसऱ्या बाजूने. औषधाच्या डब्यावर दोन फवारण्यांमधले किमान अंतर किंवा शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यातले दिवस आकड्यात दिलेले असतील, तर तोच आकडा पाळा. तिथे ‘पंधरवडा झाला असंल’ असा अंदाज चालत नाही. आणि हा आकडा अंतराचा असतो, म्हणून फवारणीचा दिवस शून्य धरा, दुसऱ्या दिवसापासून एक. डब्यावर १५ असेल आणि शेवटची फवारणी १ तारखेला झाली असेल, तर १६ च्या आधी तोडणी नको. आठवड्याच्या बोलीप्रमाणे आजचाच दिवस एक धरलात तर एक दिवस आधी कात्री लागेल.

मिहानमधल्या एका कंपनीमार्फत अमेरिकी ग्राहकाचे काम मिळाले. करारात मोबदला ‘बायवीकली’ लिहिला आहे. म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? आणि सरळ ‘फोर्टनाइटली’ का लिहीत नाहीत?
*– मनीषनगर*

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: अमेरिकेत फोर्टनाइट हा शब्द जवळपास वापरात नाही. तिथल्या माणसाला तो जुन्या ब्रिटिश कादंबरीतला वाटतो. तुम्ही त्यांना ईमेलमध्ये ‘विल डिलिव्हर इन अ फोर्टनाइट’ लिहाल तर काहींना शोधून पाहावे लागेल. ‘टू वीक्स’ लिहा.

आता बायवीकली. शब्दकोश दोन्ही अर्थ देतात, म्हणूनच तो वाईट शब्द आहे. पगाराच्या संदर्भात मात्र अमेरिकेत अर्थ पक्का आहे: दर दुसऱ्या आठवड्याला एकदा, बहुधा शुक्रवारी. त्याच्याच शेजारी ‘सेमीमंथली’ उभा असतो, म्हणजे महिन्यातून दोनदा, साधारणपणे १५ तारखेला आणि महिनाअखेरीला. दोन्ही ‘महिन्यात दोन पगार’ असेच वाटतात आणि तिथेच पैशाचा घोळ होतो.

समजा एका वेळचा मोबदला ₹४०,००० आहे. सेमीमंथली असेल तर वर्षात २४ वेळा, म्हणजे ₹९,६०,०००. बायवीकली असेल तर २६ वेळा, म्हणजे ₹१०,४०,०००. फरक ₹८०,०००. महिन्याची सरासरी काढताना दोनने गुणू नका. २६ ने गुणून १२ ने भागा, ₹८६,६६७ येतात. पण घराचा हप्ता ठरवताना हा सरासरी आकडा धरू नये. वर्षातल्या दहा महिन्यांत खात्यात दोनच रकमा येतात आणि दोन महिन्यांत तीन. कर्जाचा हप्ता ₹८०,००० च्या हिशोबाने बेता. तिसरी रकम आली की ती वरची. दर अकरा-बारा वर्षांनी एखादे वर्ष २७ पगारांचेही येते, कारण २६ गुणिले १४ म्हणजे ३६४, आणि उरलेला एखाददुसरा दिवस साठत जातो.

‘बाय’चा गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. ‘बायमंथली’चीही तीच गत. आपल्या रिझर्व्ह बँकेचे पतधोरण ‘बायमंथली’ असते, म्हणजे दर दोन महिन्यांनी, वर्षात सहा वेळा. तोच शब्द दुसरा कोणी महिन्यातून दोनदा भरणाऱ्या बैठकीसाठी वापरतो. ‘बायॲन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. २०१२ पासून कोचीत भरणारे कलाप्रदर्शन ‘बिएनाले’ आहे ते याच अर्थाने. गाजर आणि कांदा यांना वनस्पतिशास्त्रात बायेनियल म्हणतात तेव्हा अर्थ आणखी वेगळा होतो: दोन वर्षांनी एकदा येणारे नव्हे, तर दोन हंगाम जगून दुसऱ्यात बी धरणारे.

मराठी इथे फार सरळ आहे आणि याचा अभिमान धरायला हरकत नाही. पाक्षिक महिन्यातून दोनदा, द्वैमासिक दोन महिन्यांतून एकदा, सहामाही वर्षातून दोनदा, द्वैवार्षिक दोन वर्षांतून एकदा. इंग्रजीत लिहिताना मात्र ‘एव्हरी टू वीक्स’ किंवा ‘ट्वाइस अ वीक’ असे उलगडून लिहा आणि करारात पहिल्या देयकाची तारीख टाकून घ्या. पहिली तारीख आणि ‘दर १४ दिवसांनी’ एवढे दोन तपशील असले की वाद उरत नाही.

मुलगा मेलबर्नला शिकायला चालला आहे. तिथे ‘४८ तास पर फोर्टनाइट’ काम करता येते म्हणतात. म्हणजे आठवड्याला २४ तासच ना?
*– प्रतापनगर*

नाही, आणि हे नीट समजून घ्या, कारण यात व्हिसा अडकतो.

ऑस्ट्रेलियात फोर्टनाइट हा रोजच्या चलनातला शब्द आहे. पगार, घरभाडे, सरकारी मदत, सगळे फोर्टनाइटने मोजतात. विद्यार्थी व्हिसावर १ जुलै २०२३ पासून, अभ्यासक्रम चालू असताना, फोर्टनाइटला ४८ तासांची मर्यादा आहे. व्हिसाच्या अटीत फोर्टनाइट म्हणजे सोमवारपासून सुरू होणारे १४ दिवस.

मेख ‘सोमवारपासून’ या शब्दात आहे. कोणत्याही सोमवारपासून. म्हणजे पहिला आणि दुसरा आठवडा ही एक जोडी, तशी दुसरा आणि तिसरा हीसुद्धा जोडी, तिसरा आणि चौथा हीसुद्धा. लागून असलेल्या कोणत्याही दोन आठवड्यांची बेरीज ४८ च्या वर जाता कामा नये. समजा मुलाने असे काम केले: पहिला आठवडा २०, दुसरा २८, तिसरा ३०, चौथा १८. पहिले दोन मिळून ४८, शेवटचे दोन मिळून ४८. त्याला वाटेल सगळे बरोबर. पण दुसरा आणि तिसरा मिळून ५८ झाले आणि अट मोडली.

दुसरा फसवा भाग पगारपत्रकाचा. मालकाचा पगारी फोर्टनाइट बुधवारी किंवा गुरुवारी सुरू होऊ शकतो. त्या पत्रकावर ४८ च्या आत आकडा दिसला म्हणून सोमवारच्या मोजणीत तो आत असेलच असे नाही. वहीत किंवा फोनमध्ये सोमवार ते रविवार अशी स्वतःची नोंद ठेवायला सांगा. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे तास एकत्र धरायचे. अभ्यासक्रमाच्या सुट्टीत ही मर्यादा लागू नसते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी मात्र कामाला लागता येत नाही.

घरभाड्याचे गणितही आधीच करून द्या. ‘फोर्टनाइटला ७०० डॉलर’ ऐकून महिन्याला १,४०० धरले तर अंदाजपत्रक फाटते. ७०० गुणिले २६ म्हणजे वर्षाला १८,२००, म्हणजे महिन्याला जवळजवळ १,५१७.

आमच्या गृहनिर्माण संस्थेने ठेकेदाराला ‘विदिन अ फोर्टनाइट’ काम पूर्ण करा अशी नोटीस दिली. तो एक दिवस उशिरा आला आणि म्हणतो, पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस, मी वेळेत आहे. कोण बरोबर?
*– सचिव, बेसा*

शब्दाप्रमाणे तुम्ही बरोबर, भांडणात दोघेही अडकलात. दोष नोटिशीच्या मजकुराचा आहे.

मोजायची रीत अशी. कायद्यात ‘अमुक तारखेपासून’ म्हटले की ती तारीख सोडतात आणि शेवटची धरतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमधला हा नियम आहे. खासगी पत्राला तो कायदा थेट लागू नसला तरी रूढ रीत तीच. नोटीस ३ तारखेला मिळाली असेल तर ४ पहिला दिवस. चौदावा १७ ला आणि पंधरावा १८ ला. ठेकेदार १८ ला आला. फोर्टनाइट १७ ला संपला होता, पंधरा दिवस १८ ला. त्यातून नोटिशीवर ‘नोटिशीच्या तारखेपासून’ आहे की ‘नोटीस मिळाल्यापासून’, यावर आणखी दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतात. नोटीस टपालात किती दिवस राहील ते आपल्या हातात नसते. म्हणून नोटिशीत ‘फोर्टनाइट’ही लिहू नये आणि ‘पंधरवडा’ही. ‘दिनांक १७ रोजी सायंकाळी ५ पर्यंत’, एवढे पुरे.

सचिव आहात म्हणून एक जोड. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी १४ ‘पूर्ण दिवसांची’ सूचना लागते. पूर्ण दिवस म्हणजे सूचना दिल्याचा दिवसही वगळायचा आणि सभेचा दिवसही. सूचना ३ सप्टेंबरला दिली तर ४ ते १७ हे चौदा पूर्ण दिवस, आणि सभा लवकरात लवकर १८ ला. ३० सप्टेंबर ही सभेची अखेरची तारीख धरली तर सूचना १५ सप्टेंबरच्या पुढे ढकलता येत नाही. १६ ला देऊन ‘मध्ये पंधरवडा आहे की’ म्हणणारे सचिव पुष्कळ. मध्ये तेराच पूर्ण दिवस असतात.

इंग्रजी निबंधात ‘सिन्स अ फोर्टनाइट’ लिहिले तर बाई लाल शाईने खोडतात. मराठीत तर ‘पंधरा दिवसांपासून’ बरोबर असते. असे का?
*– बारावीची विद्यार्थिनी, रामदासपेठ*

कारण मराठीतले ‘पासून’ दोन कामे करते आणि इंग्रजीत त्या दोन कामांना दोन शब्द आहेत. ‘सोमवारपासून पाऊस आहे’ यात सुरुवातीचा क्षण सांगितला. तिथे ‘सिन्स मंडे’. ‘पंधरा दिवसांपासून पाऊस आहे’ यात लांबी सांगितली. तिथे ‘फॉर अ फोर्टनाइट’. ‘सिन्स’ला टोक लागते, ‘फॉर’ला लांबी, आणि फोर्टनाइट ही लांबी आहे. क्रियापदही सांभाळा: ‘इट हॅज बीन रेनिंग फॉर अ फोर्टनाइट’. ‘इट इज रेनिंग’ नको.

याहून मोठा खड्डा ‘इन’चा आहे आणि तो सहसा कोणी दाखवत नाही. मराठीत ‘पंधरवड्यात अधिवेशन सुरू होईल’ म्हटले तर ऐकणारा समजतो, या पंधरवड्याच्या आत केव्हाही. इंग्रजीत ‘द विंटर सेशन बिगिन्स इन अ फोर्टनाइट’ म्हणजे आजपासून दोन आठवडे झाल्यावर. आतला अर्थ हवा असेल तर ‘विदिन’. ‘पंधरवडाभर’ हवे असेल तर ‘फॉर’. नागपुरात डिसेंबर जवळ आला की इंग्रजी बातमीचे मराठी करताना हा ‘इन’ हमखास ‘पंधरवड्यात’ होऊन बसतो.

नाम म्हणून वापरताना ‘अ फोर्टनाइट’, अनेकवचन ‘फोर्टनाइट्स’. विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्हींसाठी ‘फोर्टनाइटली’. ब्रिटिश बोलीत ‘मंडे फोर्टनाइट’ असा प्रयोग मिळेल. त्याचा अर्थ येत्या सोमवारनंतर दोन आठवड्यांनी येणारा सोमवार. वाचून कळला पाहिजे. स्वतः वापरायची गरज नाही, समोरचा हमखास चुकीच्या सोमवारी येतो.

माझा मुलगा फोर्टनाइट नावाचा गेम खेळतो आणि शुद्धलेखनात तेच स्पेलिंग लिहितो. दोन्ही शब्द एकच का?
*– हिंगणा*

उच्चार एक, स्पेलिंग वेगळे. २०१७ साली आलेल्या त्या गेमच्या नावात ‘फोर्ट’ म्हणजे किल्ला आणि रात्र यांवर कोटी केली आहे, म्हणून ‘नाइट’मधली मुकी अक्षरे गाळली आहेत. मुदतीच्या शब्दात ती मुकी अक्षरे ठेवायची. मात्र ‘फोर’मधला यू तिथे येत नाही, ‘फोर्टी’त जसा गळतो तसाच इथेही. मुलाला लक्षात ठेवायला एक गणित द्या. शर्यतीच्या मैदानावरचे जुने ब्रिटिश माप फर्लांग २०१.१७ मीटरचे आहे आणि फोर्टनाइटमध्ये २०,१६० मिनिटे असतात. एक फर्लांग एका फोर्टनाइटमध्ये चालणारी गोगलगाय मिनिटाला किती सरकेल? उत्तर जवळजवळ नेमके एक सेंटीमीटर येते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा हा जुना विनोद आहे, पण भागाकार खरा आहे.